दक्षिणेकडचं घर

बावीस वर्षं मी याच रस्त्यावर टपाल टाकतो.
मिनिआपोलिसचा दक्षिण भाग. घरं बुटकी,
गिलाव्याच्या भिंती, विटांचं धुराडं,
आणि दाराला पितळी फट.
पत्र आत पडलं की लाकडी फरशीवर त्याचा आवाज व्हायचा,
कुत्रं असलं तर कुत्र्याचाही.

४११७ मधला आर्विड टोलेफसन पियानो जुळवायचा.
दार उघडायचा तेव्हा हातात तारा पिळायची किल्ली.
म्हणायचा, आज हवा ओली आहे,
सगळं शहर केसभर उतरलंय.
मला काही ऐकू यायचं नाही. मी मान हलवायचो.

तो फेब्रुवारीत गेला.
मुलगी फीनिक्सहून आली, चार दिवस राहिली,
पियानोवर पाटी लावून गेली: फुकट, न्या.
कोणी नेला नाही.
मे महिन्यात दारात लोखंडी पेटारा आला, ट्रकएवढा.
पियानो त्यात पालथा पडला,
आणि वरून प्रत्येक फळी फेकली की
खालून काहीतरी वाजायचं.
मजूर पहिल्या दिवशी हसले.
दुसऱ्या दिवशी कोणीतरी वर जुनी गादी टाकली.

जुन्या घराची एक भिंत ठेवली,
कागदावर दुरुस्ती दिसावी म्हणून.
तिच्याभोवती तीन मजले चढले.
पांढऱ्या फळ्या, काळ्या खिडक्या,
बिऱ्हाड एक, न्हाणीघरं पाच.
पाटीवरची किंमत मी वाचली,
चालता चालता माझ्या पगाराने भागून पाहिली,
आणि त्या नादात दोन घरांची पत्रं
भलत्याच दारांत टाकली.

उत्तरेला, लागूनच, ४११३.
व्हर्ना स्कोग्स्टाड, वय एक्याऐंशी.
डिसेंबरात आमच्याकडे सूर्य वर चढतच नाही,
छपरांना घासत घासत जातो.
पूर्वी दुपारी एकपर्यंत तिच्या पायऱ्या कोरड्या व्हायच्या.
आता नोव्हेंबरातला बर्फ
एप्रिलपर्यंत तिथेच, काचेसारखा.
मी बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधतो.
ती बाहेर पडत नाही.

माझ्या पिशवीत मात्र तिच्यासाठी रोज कोणी ना कोणी असतं.
निळ्या शाईतलं, हाताने लिहिल्यासारखं कार्ड:
प्रिय व्हर्ना, तुमचं घर फार आवडलं.
आहे तसं घेतो. रोख देतो. तुमचा, ब्रॅड.
ब्रॅडला मी कधी पाहिलेलं नाही.
त्याचं अक्षर या रस्त्यावर सगळ्यांना ओळखीचं आहे.
त्याला दारोदार पोचवणारा कोण?
मीच की.
तिकीट लागलंय, पत्ता बरोबर आहे,
फेकून देणं माझ्या हातात नाही.

परवा मोठ्या घराचं दार उघडलं.
टेसा ब्रॉडी. कडेवर बाळ,
मागे इतकी मोकळी जागा की बाळाची उचकी घुमत होती.
आर्विडची पत्रं तिने खणात जपून ठेवलेली:
बियाण्यांची सूचिपत्रकं, पियानोवाल्यांचं मासिक.
म्हणाली, फेकायला हात होईना.
मग हळूच विचारलं,
शेजारच्या बाई कशा आहेत हो?
कधीची जाईन म्हणते,
केकही केला होता एकदा,
पण बाळाला घेऊन त्या पायऱ्या...
तिथलाच बर्फ का वितळत नाही, कळत नाही.

मी तिच्या तीन मजल्यांकडे पाहिलं.
नंतर बाळाकडे.
म्हटलं, हो, निसरडं आहे खरं.

काही गोष्टी सांगायच्या असतात हे मला कळतं.
पण बावीस वर्षं मी
लोकांची पाकिटं बंदच हातात देत आलोय.

मग ४११३ कडे वळलो, बदकासारखा, कडेकडेने.
खिडकीच्या चौकटीत घडी घातलेली कार्डं ठासून बसवलेली,
वाऱ्याच्या फटी बुजवायला, एकावर एक,
प्रिय व्हर्ना, प्रिय व्हर्ना, प्रिय व्हर्ना.
पितळी फट उचलली, आजचा ब्रॅड आत सोडला.
फरशीवर आवाज झाला.
आतून ती ओरडली,
उद्याही आण रे एखादा,
स्वयंपाकघराची खिडकी राहिलीय.